अ‍ॅव्हरेजच्या नावानं चांगभलं!

लोणावळ्याचा प्लॅन ठरतो. कुणाच्या तरी बाबांची गाडी मिळते, चौघं जमतात, पेट्रोलची काँट्री निघते. आणि गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडायच्या आत किमान तीन एक्स्पर्ट जागे होतात. एक म्हणतो, एसी लावू नको, पेट्रोल पितो. दुसरी म्हणते, पंपावर ५००चं नको, ५१०चं टाक. तिसरा मागच्या सीटवरून सांगतो, घाट उतरताना न्यूट्रल कर रे, फुकटात खाली जाऊ. तेवढ्यात बाबांचा फोन येतो, ‘इंजिन पाच मिनिटं गरम केलंस ना?’

गाडी एक, सल्ले चार. आणि गंमत म्हणजे सल्ला देणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या म्हणण्याची शंभर टक्के खात्री असते. विचारून बघा, ‘हे तुला कुणी सांगितलं?’ उत्तर ठरलेलं, ‘सगळेच करतात की!’

आपण नव्या फोनची बॅटरी किती टिकते यावर तासभर रिव्ह्यू बघतो. दोन लॅपटॉपची तुलना करायला एक्सेल शीट बनवतो. पण लिटरला शंभरच्या वर पैसे मोजून जे पेट्रोल भरतो ते कुठे जातं, हे मात्र आपण ऐकीव गोष्टींवर सोडून देतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे थांबवूया. यातले काही समज नुसतेच निरुपयोगी आहेत, काही खिशाला चाट लावणारे आहेत आणि एक तर थेट जीव घेणारा आहे.

सल्ला जुना, गाडी नवी

आधी मोठ्यांची बाजू. बाबा, काका, मामा जे सांगतात ते वेडेपणानं नाही सांगत. त्यांनी गाडी शिकली तेव्हा गाडीत कार्ब्युरेटर होता. आपल्या कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी आठवा, किंवा जुन्या सिनेमात बघा. कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओढीनं पेट्रोल आत खेचणारं साधं यांत्रिक भांडं. त्याला इंजिन गार आहे की गरम, गाडी चढावर आहे की उतारावर, काही कळायचं नाही. थंडीत गाडी चालू व्हायची नाही म्हणून चोक ओढावा लागायचा, मग रेस देत पाच मिनिटं उभं राहावं लागायचं. उतारावर गिअरमध्ये राहिलं तरी ते पेट्रोल खेचतच राहायचं. त्या गाडीत त्या सल्ल्यांना थोडाफार अर्थ होता.

२०००च्या आसपास आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि कार्समधून कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आता इंजिनात किती पेट्रोल जायचं हे एक छोटा कम्प्युटर ठरवतो. इंजिनाचं तापमान, आत येणारी हवा, तुमचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर किती दाबलाय, हे सगळं बघून तो क्षणाक्षणाला थेंब मोजतो. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्यासाठीचे सल्ले मात्र अजून ड्युटीवर आहेत!

फुकटचा उतार, महागडा न्यूट्रल

सुरुवात सगळ्यात घातक समजापासून. घाट उतरताना गाडी न्यूट्रल केली की पेट्रोल वाचतं, असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगितलं जातं.

आता आत काय होतं ते बघा. गाडी न्यूट्रलमध्ये असली की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून कम्प्युटरला त्याला पेट्रोल पाजत राहावं लागतं. छोट्या पेट्रोल कारचं इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालू असलं तर तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जातं. याउलट गाडी गिअरमध्ये आहे आणि तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलात, तर उतारावर चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिन आपोआप फिरतंय हे कम्प्युटरला कळतं आणि तो पेट्रोलचा पुरवठा चक्क बंद करतो. शून्य. फेरे अगदी कमी झाले की मगच तो पुन्हा सुरू होतो.

म्हणजे हिशोब उलटा आहे. दहा किलोमीटरचा घाट ताशी चाळीसनं उतरायला पंधरा मिनिटं लागतात. न्यूट्रलमध्ये त्या पंधरा मिनिटांत दीडशे मिलीलिटरच्या आसपास पेट्रोल जळेल. गिअरमध्ये त्यातला बराचसा वेळ काहीच जळणार नाही. तुम्ही जे वाचवायला निघालात, तेच घालवून बसलात.

पण पंधरा रुपयांचा प्रश्न इथे गौणच आहे. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की ही पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापलेले ब्रेक हळूहळू धरेनासे होतात. पॅडल दाबताय, पण गाडी थांबत नाही. त्याहून पुढची पायरी म्हणजे उतारावर इंजिनच बंद करणं. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखं कडक होतं. स्टिअरिंग जड होतं. किल्ली काढलीत तर ते लॉकही होऊ शकतं.

पुण्याच्या मुलांना कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री याच उतारावर एक ट्रक पुढच्या अनेक गाड्यांवर जाऊन आदळला. आधी सगळीकडे बातमी पसरली की ब्रेक फेल झाले. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याची गोष्ट पुढे आली. बाकीच्यांचा दोष काय, तर ते त्या वेळी त्या रस्त्यावर होते!

कुणी म्हणेल, ‘घाटाचं ठीक आहे, पण हायवेवरच्या हलक्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी लांबवर घरंगळते, मग तिथे वाचत नाही का?’ प्रश्न बरोबर आहे. तिथे चार थेंब वाचूही शकतील. पण समोर अचानक कुत्रं आलं, ट्रकनं लेन बदलली, तर गाडीला झटकन वेग द्यायचा की रोखायचं, हे ठरवण्याचा अर्धा अधिकार तुम्ही त्या चार थेंबांसाठी सोडून दिलेला असतो. माझ्या मते हा सौदा कुठल्याच उतारावर परवडणारा नाही. साधा नियम लक्षात ठेवा, ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

गरम करायचं की बंद करायचं?

आता बाबांच्या फोनकडे येऊ. सकाळी इंजिन पाच मिनिटं गरम करायची गरज आजच्या गाडीला नाही. ऑईल सगळीकडे फिरायला अर्धं मिनिट पुरतं. उभ्या गाडीत इंजिन तापायला उलट जास्त वेळ लागतो. पहिले एक-दोन किलोमीटर रेस न करता हळू चालवलीत की तेच काम होतं, आणि तेवढं अंतरही कापून होतं.

दुसरा समज याच्या बरोबर उलट टोकाचा आहे. सिग्नलला गाडी बंद करू नको, परत चालू करताना जास्त पेट्रोल जातं. हेही कार्ब्युरेटरच्या काळातलं. इंजेक्शनच्या गाडीत दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करणंच स्वस्त पडतं, असं मोजमापातून दिसलेलं आहे. आता दहा सेकंदांचा हिशोब घेऊन चावी फिरवत बसा असं नाही म्हणत. पण सिग्नलच्या आकड्यात ९० दिसतायत आणि आपण गाणं बदलत बसलोय, तेव्हा तरी बंद करा.

कॉलेजला जाता-येता मिळून रोज दहा मिनिटं सिग्नलवर जात असतील, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत चार तास होतात. त्यात दोन ते तीन लिटर पेट्रोल जागच्या जागी जळतं. म्हणजे दोन-तीनशे रुपये. एका पिक्चरचं तिकीट, पॉपकॉर्नसकट म्हणत नाही, पण तिकीट नक्की. (बॅटरी म्हातारी झाली असेल तर मात्र हा प्रयोग नको, नाहीतर मागच्या गाडीवाल्यांचे आशीर्वाद ऐकत धक्का मारावा लागेल.)

एसी लावू की काचा उघडू?

यावर तर घराघरात दोन पक्ष आहेत. खरं काय? एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर चालतो, त्यामुळे पेट्रोल लागतंच. साधारण पाच ते दहा टक्के धरा, भर उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये त्याहूनही जास्त. दुसरीकडे काचा उघड्या ठेवल्या की वारा आत शिरून गाडीला अडवतो. पण ही अडवणूक वेगावर अवलंबून असते. शहरात ताशी तीस-चाळीसला ती जवळपास नसतेच. हायवेला ऐंशीच्या पुढे ती जाणवते आणि दोन्हीतला फरक कमी होत जातो.

मग धोरण सोपं आहे. गल्लीबोळात, संध्याकाळच्या गार हवेत काचा उघडा. हायवेला काचा बंद करून एसी लावा आणि उगाच अपराधी वाटून घेऊ नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी फुल्ल करण्याऐवजी आधी दोन मिनिटं काचा खाली करा. आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. सावलीत पार्किंग मिळालं तर त्याहून उत्तम.

पंपावरची मंत्र-तंत्र विद्या

पेट्रोल पंप म्हणजे आपल्या समजुतींचं जत्रेचं ठिकाण.

पहिली समजूत, पहाटे पेट्रोल भरायचं, गार असतं, घट्ट असतं, जास्त मिळतं. गार पेट्रोल घट्ट असतं हे खरंच आहे, भौतिकशास्त्र तिथे चुकत नाही. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते. वर पारा पंधरा अंशांनी खाली-वर झाला तरी खाली टाकीत फारसा फरक पडत नाही. आणि पडला असं धरलं तरी एक अंशाला पेट्रोलच्या आकारमानात साधारण ०.१ टक्का फरक. तीस लिटरमागे तीस मिलीलिटर. म्हणजे तीन रुपये. तीन रुपयांसाठी साखरझोप मोडू नका.

दुसरी समजूत, १००, ५०० असे गोल आकडे सांगायचे नाहीत, ११०, ५१० सांगायचं, म्हणजे मशीनमधली लबाडी चालत नाही. मापात पाप होतच नाही असं मी म्हणत नाही. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि नंतर आपल्याकडे ठाणे पोलिसांच्या कारवाईत पंपांवर मापात घोळ करणाऱ्या चिप सापडल्या होत्या. पण मशीन मोजतं लिटर, आणि रुपये त्यावरून गुणाकार करून दाखवतं. लिटरच खोटा असेल तर १०० सांगा नाहीतर ११०, प्रत्येक लिटरमागे मार खाल.

यावरचा खरा उपाय वेगळा आहे आणि तो तुमचा हक्क आहे. शून्य बघून सुरुवात करा. शंका आली तर पंपावरचं पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि ग्राहकानं मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपरही मागता येतो. ११० रुपयांचा मंत्र म्हणायला धाडस लागत नाही, माप मागायला लागतं. आपण सोपं तेच करतो.

तिसरी समजूत, महागाचं प्रीमियम पेट्रोल टाकलं की अ‍ॅव्हरेज वाढतं. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ताकद नव्हे. इंजिनात दाबाखाली ते वेळेआधी पेटू न देण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ज्या इंजिनात दाब खूप असतो, त्याला जास्त ऑक्टेन लागतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ९१ चालेल असं लिहिलेलं असताना १०० ऑक्टेन टाकणं म्हणजे मिसळीला चांदीचा चमचा लावण्यासारखं आहे. चव तीच, बिल वेगळं.

चौथी गोष्ट सध्या सगळ्यात गाजतेय, ई-२०. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून अ‍ॅव्हरेज निम्मं झालं, असे व्हिडीओ तुमच्यापर्यंत आलेच असतील. इथे दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. इथेनॉलमध्ये एका लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. मग वीस टक्के मिसळल्यावर किती फरक पडेल? वीसचा एक तृतीयांश, म्हणजे सहा-सात टक्के, तेही शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातही ई-२० साठी न बनवलेल्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्क्यांचाच अंदाज दिलेला आहे. ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत तो याहून कमी, एक-दोन टक्के. म्हणजे वीसचा अ‍ॅव्हरेज साडेअठरा-एकोणीसवर येणं समजू शकतं. ‘काहीच फरक पडत नाही’ हेही खोटं आणि ‘निम्मं झालं’ हेही खोटं. तुमची गाडी वीसवरून बारावर आली असेल, तर दोष उसावर ढकलू नका, मेकॅनिककडे जा.

हवा, नायट्रोजन आणि लोहचुंबक

टायरमध्ये हवा कमी असेल तर पेट्रोल जास्त जातं, हे खरं. म्हणून काहीजण सांगितल्यापेक्षा पाच-सात पॉइंट जास्तच भरतात. टायर दगडासारखा झाला की रस्त्यावर त्याचा मधलाच पट्टा टेकतो. तो लवकर झिजतो आणि पावसात ब्रेक मारल्यावर पकड कमी मिळते. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा दिलाय तेवढीच हवा भरा, गाडी गार असताना, दोन आठवड्यांतून एकदा. समृद्धी महामार्गावर जाणार असाल तर हे काम आधी. तासन्‌तास ताशी शंभर-एकशेवीसनं पळताना कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. तिथे प्रश्न अ‍ॅव्हरेजचा उरत नाही.

नायट्रोजन भरला की अ‍ॅव्हरेज वाढतं? साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट मिळतो. नायट्रोजननं नुकसान काही नाही, पण त्या पैशात चहा येतो.

आणि ती चार-पाचशे रुपयांची जादूची खेळणी! पेट्रोलच्या नळीला लावायचं लोहचुंबक, डॅशबोर्डखाली खोचायचं लुकलुकणारं यंत्र, टाकीत टाकायची गोळी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं अशी शंभराहून जास्त उपकरणं वर्षानुवर्षं तपासली, आणि त्यातल्या फारच थोड्यांनी नावापुरता फायदा दाखवला. कॉमन सेन्सही तेच सांगतो. एका चुंबकानं वीस टक्के पेट्रोल वाचत असतं, तर एकेका किलोमीटरसाठी झटणाऱ्या कार कंपन्यांनी ते फॅक्टरीतच नसतं का लावलं?

मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

मग पेट्रोल जातं तरी कुठे? इथे माझं खरं म्हणणं येतं. आपण मोरीला बोळे कोंबत बसलोय आणि दरवाजा सताड उघडा आहे. हा दरवाजा म्हणजे आपला उजवा पाय.

वेगाचं बघा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, बारावीचं फिजिक्स. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेलात तर हा अडथळा दीडपटीहून जास्त होतो. एकशेवीसवर सव्वादोन पट. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा आहे. तो सलग शंभरनं कापला तर सत्तावन्न मिनिटं, सलग ऐंशीनं कापला तर एकाहत्तर. फरक चौदा मिनिटांचा, आणि तोही कागदावर, कारण घाटात मर्यादाच साठची आहे. शिवाय वाटेत फूड मॉलला वडापावच्या रांगेत आपण तेवढी मिनिटं हसत हसत घालवतोच.

आता ब्रेकचं बघा. हजार किलोची गाडी ताशी साठला पळते तेव्हा तिच्यात जी गतिज ऊर्जा असते ती साधारण १४० किलोज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये ऊर्जा साधारण ३२ मेगाज्यूल, पण इंजिन त्यातली जेमतेम पाव हिस्सा कामी लावतं. भागाकार करा. साठचा वेग गाठायला नुसत्या त्या गतीचं बिल सतरा मिलीलिटर येतं, म्हणजे पावणेदोन रुपये. सिग्नल लाल दिसत असतानाही तुम्ही अगदी शेवटपर्यंत पाय दाबून ठेवता आणि मग कचकन ब्रेक मारता, तेव्हा ते पावणेदोन रुपये ब्रेकच्या चकतीवर गरम होऊन हवेत जातात. शहरात एका फेरीत असं वीसदा झालं तर? वेग कमी असेल तर रक्कमही कमी असेल, पण यादी लांबत जाते. लांबूनच लाल दिवा दिसला की पाय काढा. गिअरमध्येच राहू द्या. वर सांगितलं तसं, त्या वेळी पेट्रोल बंद असतं!

बाकीची गळतीही अशीच साधी आहे. मागच्या ट्रेकनंतर टपावर तसंच राहिलेलं कॅरिअर. डिकीत महिनोन्‌महिने फिरणारं सामान. चौथ्या गिअरमध्ये वीसच्या स्पीडला घरघरणारी गाडी, कारण ‘वरच्या गिअरला पेट्रोल कमी लागतं’ एवढंच कुणीतरी सांगितलंय. आणि नाक्यावरून दूध आणायला काढलेली गाडी. गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि एक किलोमीटरच्या फेरीत ते गरम व्हायच्या आत आपण घरी परत येतो. या फेरीचं अ‍ॅव्हरेज सगळ्यात वाईट असतं, आणि ती चालत दहा-बारा मिनिटांची असते.

हे सगळं आपल्याला नको असतं, कारण यात स्वतःला बदलावं लागतं. ५१० रुपये म्हणायला काही बदलावं लागत नाही. चुंबक लावलं, पहाटे पंपावर गेलो, न्यूट्रल मारलं की आपण काटकसरी झालो असं वाटतं आणि उरलेल्या रस्त्यावर बिनधास्त एकशेवीसनं जाता येतं. समज टिकतात ते यामुळे. ते पेट्रोल वाचवत नाहीत, आपली सवय वाचवतात.

विश्वास ठेवू नका, मोजा

आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मोजून बघा.

पंपावर नोझल टक्‌ करून आपोआप थांबेपर्यंत टाकी फुल्ल करा. त्यापुढे एक थेंब नको. ट्रिप मीटर शून्यावर आणा. तीनशे किलोमीटर चालवा. मग त्याच पंपावर, पुन्हा टक्‌ होईपर्यंत भरा. समजा गाडी ३२० किलोमीटर चालली आणि १८.५ लिटर बसलं, तर भागाकार १७.३. हे तुमचं अ‍ॅव्हरेज. असं तीनदा करा. मग एकच सवय बदला, फक्त एकच, आणि पुन्हा तीनदा मोजा. दोन सवयी एकदम बदललात तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हे आपण लिहितोच.

आणि आपला आकडा कंपनीच्या जाहिरातीएवढा आला नाही म्हणून गाडीला शिव्या देऊ नका. तो आकडा पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगाच्या तक्त्याप्रमाणे काढलेला असतो, आणि त्या तक्त्यात सर्वाधिक वेग असतो ताशी नव्वद. तिथे रिक्षावाले कट मारत नाहीत, खड्डे नसतात, मागच्या सीटवर तीन मित्र नसतात. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उत्तम आहे, तुमच्या खिशाचा हिशोब करायला नाही.

मोजलेला आकडा हातात असला की घरातली चर्चा बदलते. ‘बाबा, तुमचं चुकतंय’ असं म्हटलं की भांडण होतं. ‘बाबा, मी वहीत लिहिलंय, बघता का?’ असं म्हटलं की ते चष्मा शोधतात. त्यांच्या काळात ते बरोबर होते हेही आवर्जून सांगा. मग बहुतेक बाबा पद्मिनीची नाहीतर मारुती ८००ची गोष्ट सांगायला लागतात, आणि ती ऐकण्यासारखी असते.

एसीचं, पहाटेच्या पेट्रोलचं, नायट्रोजनचं कुणी ऐकलं नाही तर सोडून द्या. दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे, मैत्री मोठी. पण पुढच्या ट्रिपला खंडाळ्याच्या, खंबाटकीच्या नाहीतर कसाऱ्याच्या उतारावर गाडी चालवणाऱ्याचा हात न्यूट्रलकडे गेला, तर मात्र भीड बाळगू नका. गाडी कुणाची का असेना, काँट्री तुम्हीही दिलीय. सरळ सांगा, ‘गिअरमध्ये घे, नाहीतर मला इथेच उतरव.’